विहिरीतला पाव आणि कुंडातलं पाणी

*ताई, नमस्कार. माझं माहेर डिचोली तालुक्यातलं, सासर मडगावकडचं. मी हिंदू, नवरा कॅथलिक. आधी रजिस्टर केलं, दोन्ही सह्या झाल्या, मग इगर्जीत, म्हणजे चर्चमध्येही लग्न लागलं. मी धर्म बदललेला नाही आणि कुणी बदल म्हटलंही नाही. मुलगा पाच महिन्यांचा आहे. बाराव्या दिवशी माहेरी बारसं केलं. सासरची सगळी आली होती, मांयने, म्हणजे सासूबाईंनी, पाळण्याला झोकाही दिला. आता मांय म्हणते, डिसेंबरात धाकटा दीर जहाजावरून येतोय, तेव्हा बाप्तिस्मा करू, पाद्रीन (बाळाचा धर्मपिता) तोच होईल. नवरा म्हणतो, "फॉर्मॅलिटी आहे गं, तिला बरं वाटेल, उरकून टाकू." आईला फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली. "पोराला बाटवतील," एवढंच म्हणाली. तीन आठवडे झाले, फोन केला तर बाळाची चौकशी करते आणि ठेवते. त्या पाण्याने नेमकं होतं काय, हे मला कुणी नीट सांगत नाही. माझं बाळ पापी आहे म्हणून धुतात का? उद्या मलाही घ्यायला लावतील का? माझ्या भावाला पाद्रीन केलं तर आई शांत होईल असं वाटतं, ते चालतं का? आणि मी नको म्हटलं तर?*
*— एक आई, सासष्टी*

बाय,

तुझं पत्र सांजांवच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी हातात पडलं. आदल्या दुपारी आमच्या वाड्यावरची पोरं डोक्यावर फुलांची कोपेलं घालून घुमट हे मातीचं वाद्य बडवत दारोदार फिरली आणि शेवटी शेजारच्या विहिरीत उड्या टाकायला लागली. शेजारणीचा नवा जावई कठड्याला धरून उभा. पोहता येत नव्हतं बिचाऱ्याला. शेवटी कमरेला दोर बांधून दोघांनी त्याला खाली सोडला. डोकं पाण्याखाली गेलं, क्षणभर नुसतं कोपेल तरंगत राहिलं आणि मग तो खाकरत, हसत वर आला. वर आल्यावर सगळ्यात आधी त्याने बायको कुठे उभी आहे ते शोधलं.

तुझ्या पत्राचं उत्तर माझ्यासाठी त्या विहिरीपासूनच सुरू होतं. सांजांव, म्हणजे २४ जून, हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिवस. येशू पोटात असलेली मारिया भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या योहानाने आनंदाने उडी मारली, असं लूकच्या शुभवर्तमानात आहे. विहिरीतली उडी ती ही. फेणीमुळे बऱ्याच जणांना नंतर ते आठवत नाही, हा भाग वेगळा.

मी मूळची वसईची. लग्न होऊन गोव्यात आले त्याला पस्तीस वर्षं झाली. तिकडे आमच्या चर्चमध्ये मिस्सा (उपासना) मराठीत, इथे कोंकणीत. तिथे ज्याला आम्ही स्नानसंस्कार म्हणायचो त्याला इथे बाउतिज्म म्हणतात. म्हणजे मी आतली आहे. पण तुझ्या आईच्या घरासारख्या घरांत माझं जाणं-येणं इतकं आहे की तिचं रडणं मला परकं वाटत नाही.

आधी तुझ्या नवऱ्याचा समाचार घेते. "फॉर्मॅलिटी" म्हणतोय तो! तुझं सगळं पत्र वाचून मला राग आला तो या एका शब्दाचा. मांयचा हट्ट मला कळतो, आईचे अश्रू कळतात, कारण त्या दोघींना ही गोष्ट मोठी वाटते. लहान वाटते ती फक्त त्याला. आणि गंमत अशी की या सगळ्या घरात शब्द देऊन बसलेला माणूस तोच एकटा आहे. कॅथलिक माणूस बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी इगर्जीत लग्न करतो तेव्हा धर्मसभेची, म्हणजे कॅथलिक चर्च-संस्थेची, परवानगी काढावी लागते. त्या वेळी कॅथलिक जोडीदार वचन देतो की मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि त्यांनी कॅथलिक श्रद्धेत वाढावं यासाठी मी माझ्याकडून होईल ते सगळं करीन. दुसऱ्या जोडीदाराकडून असं वचन घेत नाहीत. पण त्याने काय वचन दिलंय, हे तिला वेळेवर सांगायचं असतं. आठव बरं, लग्नाआधी फादरांकडे गेलात तेव्हा असा एखादा कागद समोर आला होता का? आला असणार. साड्या, हॉल आणि पाहुण्यांच्या धांदलीत तो कुणाच्या लक्षात राहतो? पण तू अगदीच गाफील पकडली गेलीस असंही म्हणता येणार नाही, हे तुला मी आत्ताच सांगते. नंतर दुसऱ्या कुणी सांगितलं तर जास्त लागेल.

आता पाणी.

"बाप्तिस्मा" हा ग्रीकमधून आलेला शब्द. मूळ अर्थ बुडवणं, बुचकळणं. कॅथलिक इगर्जीत बहुधा बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततात: पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. दिसायला आंघोळ. म्हणून तुझ्यासारखीला वाटतं की काहीतरी मळकट धुऊन काढतायत. धुणं त्यात आहे, पण ते अर्धंच. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात याला चक्क पुरणं म्हटलंय. बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताबरोबर पुरला जातो आणि त्याच्याबरोबर नव्या आयुष्यात उठतो. पाण्याखाली जाणं म्हणजे मरण, वर येणं म्हणजे जन्म. कुंडातल्या पाण्यावर फादर जी प्रार्थना म्हणतात ती एकदा कान देऊन ऐक. सगळ्या पाण्यांची आठवण काढतात त्यात: सृष्टीच्या आरंभीचं पाणी, नोहाच्या वेळचा पूर, इस्राएली लोकांनी ओलांडलेला तांबडा समुद्र, येशू ज्या नदीत उतरला ती यार्देन. त्यातलं निम्मं पाणी बुडवणारं आहे आणि निम्मं तारणारं. तुला हे समजावून सांगायची गरज नसावी. तुमच्या डिचोलीत पावसाळ्यात खाणींचे खंदक हिरव्या पाण्याने भरतात तेव्हा आया पोरांना त्या बाजूला फिरकू देत नाहीत. आणि शेतात लावणी चालते ती त्याच पावसाच्या पाण्यावर.

तर "माझं बाळ पापी आहे का?" नाही. आदिपाप हा शब्द मराठीत ऐकायला फार वाईट आहे, मान्य. पण धर्मसभेची शिकवणच अशी आहे की आदिपाप हा बाळाचा स्वतःचा अपराध नव्हे. ते त्याने केलेलं नसतं, त्याच्या वाट्याला आलेलं असतं. मी हे माझ्या सुनेला असं सांगितलं होतं: आपल्या गावातली ती दुभंगलेली घरं बघ. पणजोबा आणि त्यांचा भाऊ भांडले आणि त्यांनी मधोमध भिंत घातली. इन्व्हेंटरीचा (वाटणीचा) दावा कोर्टात पडून आहे, बाल्कांवाच्या (ओसरीच्या) दोन बाजूंना दोन चुलत घरं एकमेकांशी बोलत नाहीत. त्या घरात आज एक पोर जन्माला आलं. भांडण त्याचं नाही, भिंत त्याने बांधलेली नाही. पण जन्मला तोच भिंतीच्या या बाजूला. माणसाचं आणि देवाचं जे बिनसलेलं आहे त्यात आपण सगळेच असे जन्मतो, असं ख्रिस्ती माणूस मानतो. बाप्तिस्म्यात ती भिंत पडते आणि पोर एका मोठ्या घरात येतं. येशूला तर पापच नव्हतं, तरीही तो योहानासमोर बाकीच्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला, हे ध्यानात ठेव. पाण्यातून वर आल्यावर आकाशातून जो आवाज आला त्यात पापाचा उल्लेख नव्हता. हा माझा प्रिय पुत्र, असं तो म्हणाला. आपल्या बाळाच्या बाबतीतही तेच घडतं अशी आमची समजूत आहे. म्हणजे मांयला जे हवंय ते तुझ्या पोराला धुऊन घेणं नव्हे. त्याला कुणीतरी "माझा" म्हणावं, हे तिला हवंय.

आणि हो, तिला घाईही आहे. तिच्या वयाच्या बायका "लिंबो" ऐकत वाढल्या. बाप्तिस्म्याशिवाय गेलेलं तान्हं मूल ना स्वर्गात ना नरकात, मधेच कुठेतरी. माझी आजी सुईण होती. जगेल असं वाटत नसलेल्या बाळाच्या डोक्यावर, आईबापांच्या सांगण्यावरून, तिने घरातल्या तांब्याने पाणी ओतलेलं मी ऐकून आहे. तो बाप्तिस्मा चालतो, बरं का. अडीअडचणीला कुणीही देऊ शकतं, अगदी स्वतःचा बाप्तिस्मा न झालेली व्यक्तीसुद्धा. पाणी हवं, ते शब्द हवेत आणि धर्मसभा जे करते तेच करायचा हेतू हवा. पण लिंबो हा धर्मसभेचा ठाम सिद्धान्त कधीच नव्हता. २००७ साली व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने या विषयावर एक सविस्तर निबंधच प्रसिद्ध केला. अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला गंभीर कारणं आहेत, असं त्यात म्हटलंय. मांयला हे सांग. तू सांगितलंस तर ऐकणार नाही कदाचित, फादरांकडून सांगव.

आता तुझी आई.

"बाटणं" हा शब्द तिने काल-परवा शिकलेला नाही. पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतली १५१० साली, बार्देस आणि सासष्टी १५४३ साली. देवळं पाडली गेली, देव रात्रीतून नदीपलीकडे नेले. आज आपण फोंड्याला ज्या देवळांना जातो त्यांतले कितीतरी देव मूळचे तुझ्या सासरच्या सासष्टीतले. इन्क्विझिशन १५६० ला सुरू झालं ते कायमचं उठलं १८१२ ला. तुमची डिचोली नव्या काबिजादीतली, म्हणजे नंतर जिंकलेल्या भागातली, पोर्तुगिजांकडे ती अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी आली, तोवर बाटवण्याचा तो जोर ओसरला होता. म्हणून तुझ्या माहेरचं कुलदैवत जागेवर राहिलं. पण नदीपलीकडून आलेल्यांच्या गोष्टी राहिल्याच. त्यातली सगळ्यांना माहीत असलेली म्हणजे विहिरीत टाकलेला पाव. पाव पडला, पाणी प्यायले, अख्खा वाडा बाटला. तुझ्या आईच्या डोळ्यांसमोर तुझ्या बाळाच्या डोक्यावरचं पाणी म्हणजे ती विहीर आहे.

त्या गोष्टीबद्दल मी खूप वर्षं विचार केलाय. धर्मसभेच्या कुठल्याही नियमाने पाव पडलेल्या विहिरीचं पाणी पिऊन बाप्तिस्मा होत नाही. ना ते शब्द, ना ती इच्छा. पाणी पिणारा माणूस ख्रिस्ती झालेलाच नसायचा. तो घरी परत गेला असता तर तितकाच हिंदू होता जितका सकाळी होता. पण घराचं दार लागलेलं असायचं. पाव टाकणाऱ्याचं पाप त्याच्या माथी, ते मी धुऊन देत नाही. बळजबरीने दिलेले बाप्तिस्मे हा आमच्या इतिहासावरचा डाग आहे आणि श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती करता येत नाही हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली लेखी मांडलं, तेव्हा फारच उशीर झाला होता. पण "बाटला" हा शिक्का मारला तो मागे राहिलेल्यांनी. तुझ्या आईच्या हातात ते दार आजही आहे. तिने ते उघडं ठेवलं तर तिचा नातू कुठेही जात नाही. हे तिला तू असंच सांगू नकोस, उलट बोलल्यासारखं होईल. शिरगावच्या जत्रेवरून सुरुवात कर. तिची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण (मारियामाता) या सख्ख्या बहिणी, हे तुमच्याकडे लहान पोरही सांगेल. सात बहिणींतली एक ख्रिस्ती झाली आणि म्हणून कुणी तिचं नाव टाकलं का? म्हापशाच्या फेस्ताला हिंदू बाया रांगेत उभ्या राहून तेल वाहतात. गोव्याच्या साध्या माणसांनी हा तिढा कधीच सोडवून ठेवलाय, शिकलेल्यांनाच तो पुन्हा पुन्हा पडतो.

मात्र साम्यं दाखवून मी तुला गुंडाळणार नाही. हल्ली एक गोड बोलण्याची रीत आहे: बाप्तिस्मा म्हणजे त्यांचं बारसं, सगळं एकच. एकच नाही. बारशात आपण बाळाला नाव देतो. बाप्तिस्म्यात नाव ठेवतच नाहीत. इगर्जीच्या दारात फादर आईबापांना पहिला प्रश्न विचारतात तो हाच: या बाळाचं नाव तुम्ही काय ठेवलंय? म्हणजे तुझ्या आईने बाळाच्या कानात जे नाव सांगितलं तेच तिथे मोठ्याने सांगता येईल. नियम एवढाच की ते नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावं. तू कळवलेलं नाव (मी इथे छापत नाही) कुणालाही खटकायचं कारण नाही. संताचं नाव जोडायचं तर जोडा, पण जन्मदाखल्यावर आणि इगर्जीच्या नोंदवहीत स्पेलिंगसकट तेच लिहा. गोव्यात एका अक्षराच्या फरकापायी किती माणसं पुढे वर्षानुवर्षं खेपा घालतात, हे तुला सांगायला नको.

दुसरा प्रश्न विचारतात: देवाच्या धर्मसभेकडे तुम्ही काय मागता? उत्तर: बाप्तिस्मा. आणि मग तिसरा, खरा: या बाळाला श्रद्धेत वाढवायची जबाबदारी तुम्ही घेताय, ती काय आहे हे तुम्हाला कळलंय ना? फरक आहे तो इथे. पाच महिन्यांचं बाळ काही वचन देत नाही. त्याच्या वतीने मोठी माणसं देतात. त्याला रविवारी मिस्साला नेईन, दोत्रीनला (धर्मशिक्षणाच्या वर्गाला) पाठवीन, प्रार्थना शिकवीन. ते करायचंच नसेल तर आधी पाणी आणि मग हॉलमधला केक, एवढंच उरतं. मुलाला श्रद्धेत वाढवतील अशी काहीच आशा दिसत नसेल तर बाप्तिस्मा लांबणीवर टाकावा, असं धर्मसभेचा कायदाच सांगतो. म्हणून मी नवऱ्यावर चिडले. "उरकून टाकू" म्हणणाऱ्या बापाने त्या तिसऱ्या प्रश्नाला तोंड कसं द्यायचं?

आणखी एक, आधीच सांगितलेलं बरं. बाप्तिस्मा एकदाच होतो आणि पुसला जात नाही. मुलगा मोठा होऊन इगर्जीत पाऊल न टाकायचं ठरवू शकतो, त्याला कुणी ओढून नेणार नाही. पण धर्मसभेच्या दृष्टीने तो बाप्तिस्मा झालेलाच राहतो. काही प्रॉटेस्टंट मंडळ्या, बॅप्टिस्ट वगैरे, याच कारणाने तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. कळतं वय होऊ दे, स्वतः मागू दे, म्हणतात. कॅथलिकांचं म्हणणं उलटं: प्रेम मागायच्या आधी मिळावं. आईचं दूध कुणी विचारून पाजतं का? मला हे दुसरं पटतं, पण पहिलं म्हणणाऱ्यांना मी मूर्ख समजत नाही. तुम्ही थांबायचं ठरवलंत तरी दार बंद होत नाही. सात वर्षांनंतर मुलाची स्वतःची इच्छा लागते आणि त्याची तयारी करून घेतात, एवढंच.

तुझ्या बाकीच्या शंका पटकन.

तुला बाप्तिस्मा घ्यावा लागणार नाही. ज्याच्या मनात नाही अशा प्रौढाला तो देताच येत नाही. विधीत श्रद्धा प्रकट करायची वेळ येते तेव्हा तू गप्प राहू शकतेस, तशी सोय विधीतच आहे. मागणं एवढंच, की मुलाला ती शिकवण मिळायला तुझी आडकाठी नसावी. आपल्या मराठीतल्या रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो स्वतःचं मन झालं तेव्हाच. तेव्हाच्या काळात त्यांना ते जमलं, तर आज तुला कोण भाग पाडणार?

भाऊ पाद्रीन होऊ शकत नाही. पाद्रीन-माद्रीन (धर्मपिता-धर्ममाता) कॅथलिक असावे लागतात, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा दृढ करणारा संस्कार) झालेले, सोळा वर्षं पुरी झालेले आणि स्वतः श्रद्धेने जगणारे. ते सजावटीला नसतात. आईबाप कमी पडले तर त्या बाळाची श्रद्धा सांभाळायची ती त्यांनी. (तुझ्या दिरालाही ही वाक्यं वाचून दाखव. जहाजावरून चॉकलेटं आणणं ही पात्रता नव्हे.) पण भावाला मागच्या बाकावर बसवू नका. बाळ पाच महिन्यांचं आहे ना? मग उष्टावण आलंच. मामाच्या मांडीवर बसवून पहिला भाताचा घास मामानेच भरवायचा, तो मान कुठल्याही पाद्रीनकडे जात नाही. ते डिचोलीला करा, थाटात करा, आणि मांयला घेऊन जा.

इस्टेटीचं तू विचारलं नाहीस, पण तुझी एखादी मावशी विचारेलच. बाप्तिस्मा झाला-न झाला याने मडगावच्या घरातला त्याचा वाटा हलत नाही. गोव्यात वारशाचा कायदा सगळ्या धर्मांना एकच आहे.

आता "मी नको म्हटलं तर?" बाळाच्या बाप्तिस्म्याला निदान एका पालकाची संमती लागते. म्हणजे कागदावर तुझ्या नवऱ्याची एकट्याची पुरते. पण मी त्या नियमावर विसंबून संसार करायला सांगणार नाही, ना त्याला ना तुला. तू करायचं असं की येत्या आठवड्यात तुम्ही दोघंच पाद्-विगारांना (तुमच्या इगर्जीच्या मुख्य फादरांना) भेटायला जायचं. मांयला बरोबर घ्यायचं नाही, आईला फोन लावायचा नाही. तुझ्या मनातलं सगळं तिथे मराठीत बोल, त्यांना कळतं. बाप्तिस्म्याआधी आईबापांना समजावून सांगणं हे त्यांचं कामच आहे, ते उपकार करत नाहीत. आणि त्यांच्या देखत नवऱ्याला विचार: "तुला स्वतःला हे हवंय का? तू त्याला रविवारी घेऊन जाणार आहेस का, की ते पण मीच करायचं?" हिंदू बायको पोराला दोत्रीनला सोडतेय आणि कॅथलिक बाप झोपलाय, अशी दोन घरं आमच्या वाड्यावर आहेत. त्याचं उत्तर "हो" असेल आणि त्याच्या तोंडावरून ते तुला खरं वाटलं, तर माझं मत विचारशील तर होऊ दे. त्याने इकडे-तिकडे बघितलं तर डिसेंबर जाऊ दे. दीर परत येईल. जहाजं दरवर्षी येतात.

माझं मत असं का, तेही सांगते. माझ्या नातीचा बाप्तिस्मा जानेवारीत झाला. सून कॅथलिकच, पण तिची शेजारीण, तिच्या लहानपणापासूनची मैत्रीण, हिंदू. ती पहिल्यांदाच असा विधी बघत होती. फादरांनी बाळाच्या छातीला तेल लावलं, मग पाणी, मग टाळूवर क्रिज्माचं तेल. ते ऑलिव्हचं असतं, त्यात सुगंधी बाल्सम घातलेलं, पवित्र आठवड्यात बिशपांनी आशीर्वादित केलेलं. मग पांढरं वस्त्र. आमच्या घराण्यातला झगा तो, लेस पिवळी पडलेली, नातीला दोन बोटं आखूडच झाला. पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून एक छोटी मेणबत्ती पेटवून माझ्या मुलाच्या हातात दिली, आणि त्या घाबरटाने ती इतकी तिरकी धरली की मेण त्याच्याच बुटावर. शेवटी आशीर्वाद झाला. तो सगळ्यात आधी आईला देतात, हे तुला कुणी सांगितलं नसेल. बाळ कडेवर घेतलेल्या आईला आधी, मग बापाला, मग बाकीच्या गावाला. बाहेर आल्यावर त्या मैत्रिणीने नातीला घेतलं, तिच्या टाळूचा वास घेतला आणि म्हणाली, "देवळातून आल्यासारखा वास येतोय गं हिला." घरी माझ्या सासूने दिवसभर बाळाच्या डोक्याला पाणी लावू दिलं नाही.

तुझ्या आईने यावं असं वाटत असेल तर आमंत्रण नवऱ्याने द्यायला जावं, स्वतः, डिचोलीला, तुला न घेता. रडणं संपायला तेवढं पुरेल असं मी म्हणत नाही. पण "बाटवतात" ते दारावर येऊन विचारत नाहीत, एवढं तिला दिसेल. आली आणि इगर्जीच्या पायरीवरच थांबली, तरी थांबू दे.

आणि डिसेंबरात करणारच असाल तर थर्मासमधून कोमट पाणी न्यायचं का ते फादरांना आधी विचारून ठेव. दगडी कुंडातलं पाणी सकाळच्या मिस्साला बर्फासारखं असतं, आणि पोरं रडतात ती बहुतेक त्यानेच.